घाटाची झाडे, बंगल्यांच्या बागा

२८ मे १८३९ रोजी खंडाळ्यात जॉन ग्रॅहॅम वारला. चार-आठ दिवसांच्या आजाराचे निमित्त झाले. वय पस्तिशीच्या आतले, नोकरी मुंबईच्या टपालखात्यात वरच्या हुद्द्याची, आणि नाद झाडांचा. त्या वेळी मुंबईत त्याच्या पुस्तकाची छपाई चालू होती आणि मजल दोनशे पानांपर्यंत आली होती. उरलेली पाने जोसेफ निम्मो या दुसऱ्या वनस्पतिवेड्याने मार्गी लावली. मुंबई आणि तिच्या आसपास उगवणाऱ्या वनस्पतींचा तो कॅटलॉग त्याच वर्षी बाहेर पडला. पश्चिम भारताच्या झाडाझुडपांची इंग्रजीतली ही पहिली नीट मांडलेली यादी.

मेअखेरीस घाटमाथा कसा असतो हे मावळच्या माणसाला सांगायला नको. कातळ तापलेला, गवत जळून गेलेले, करवंदे सरत आलेली. पाऊस दहा-बारा दिवसांवर आलेला असतो आणि ज्या झाडांसाठी माणसाने या डोंगरात यावे त्यातली निम्मी अजून कंदाच्या रूपात जमिनीखाली असतात. ग्रॅहॅमने ज्यांना शास्त्रात नाव दिले त्या रानहळद आणि सापकांदा या दोन्ही वनस्पती त्यातल्याच. दोघीही पावसाबरोबर वर येतात आणि पावसाबरोबर परततात. त्या साली त्या उगवल्या तेव्हा त्यांना नाव देणारा उरला नव्हता.

‘प्लँट हंटर’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हिमालयात ऱ्होडोडेंड्रॉन गोळा करणारा जोसेफ हुकर येतो, किंवा वेषांतर करून चीनमधून चहाची रोपे पळवणारा रॉबर्ट फॉर्च्यून. मावळात असले काही घडले नाही. इथे आले ते टपालवाले, डॉक्टर, महसूल अधिकारी, इंजिनीअर आणि धर्मगुरू. कुणी बदलीवर जाताना, कुणी सुट्टीत, कुणी दौऱ्यावर, घाट चढता-उतरता झाडे गोळा करत गेले. त्यामुळे आपल्या भागाचा हा इतिहास साहसकथांसारखा वाचता येत नाही. तो रस्त्याच्या कडेने वाचावा लागतो. १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कमने बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला आणि १८६३ मध्ये घाटातून आगगाडी धावू लागली. या दोन तारखांच्या आगेमागे वनस्पतिशास्त्रातली खंडाळा-लोणावळ्याची नोंद एकदम दाट होत जाते. झाडे सगळ्या सह्याद्रीत होती. नोंद झाली ती जिथे मुक्कामाला बंगला आणि बैलांना पाणी होते तिथली.

त्या वाटेवरचा सर्वांत चटका लावणारा प्रवासी फ्रेंच होता. व्हिक्टर जॅकमाँ पॅरिसच्या संग्रहालयासाठी हिंदुस्थान पालथा घालत १८३२ मध्ये पुण्याला पोहोचला. तिथून मुंबईकडे उतरला तेव्हा तब्येत ढासळलेली होती. ७ डिसेंबर १८३२ रोजी मुंबईत त्याचा अंत झाला, वय अवघे एकतीस. त्याने जमवलेली झाडे पॅरिसला गेली, आणि जवळजवळ पन्नास वर्षांनी, १८८१ मध्ये, त्याच्या अस्थीही तिकडेच नेल्या गेल्या.

आता बागेकडे येऊ, कारण या पुस्तकाचा खरा विषय तो आहे.

मावळातून वाहत येणारी पवना दापोडीपाशी मुळेला मिळते. पेशवाईच्या अखेरीस तिथे कॅप्टन फोर्डचा बंगला होता. १८२८ च्या सुमारास सरकारने तो गव्हर्नरच्या पावसाळी मुक्कामासाठी घेतला आणि त्याच्या आवारात सरकारी वनस्पती उद्यान उभे राहिले. १८३८ पासून डॉ. अलेक्झांडर गिब्सन त्याचा अधीक्षक होता. गिब्सनची दुसरी बाग जुन्नरजवळ हिवऱ्याला होती. या बागा शोभेच्या होत्या असे समजू नये. सोनामुखी, खुरासनी ओवा असली औषधी झाडे लावायची, त्यांची औषधे करायची आणि ती लष्कराच्या दवाखान्यांना पुरवायची, हा त्यांचा मुख्य धंदा. कंपनी सरकार बागेलाही हिशेब विचारत असे. पण गिब्सनचे मन केवळ हिशेबात रमणारे नव्हते. देशोदेशींची रोपे त्याने दापोडीत लावली, आणि १८४७ ते १८५० या काळात एका चित्रकाराकडून त्यांची चित्रे काढून घेतली. पावणेदोनशेच्या आसपास असलेली ही चित्रे आज एडिंबरोच्या शाही वनस्पती उद्यानात आहेत आणि हेन्री नोल्टी यांनी २००२ मध्ये त्यांवर सुंदर ग्रंथ केला. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता एवढेच कळते. त्याचे नाव कुणी टिपून ठेवले नाही. फुलाच्या पाकळीवरची शीर न शीर त्याने टिपली, पण कागदावर स्वतःच्या सहीपुरतीही जागा त्याच्या वाट्याला आली नाही.

नावांचा हा हिशेब पुढेही असाच चालतो. हिवऱ्याच्या डोंगरावर सापडलेल्या एका मांसल, लाल-किरमिजी चांदणीसारखे फूल येणाऱ्या झाडाला निकोल डालझेलने १८६५ च्या सुमारास नाव दिले ते गव्हर्नर बार्टल फ्रियरचे: फ्रेरिया इंडिका. फ्रियरसाहेबाने ते झाड कड्याला लोंबून कधी पाहिले असेल असे वाटत नाही. गावकरी त्याला शिंदळमाकुडी म्हणतात. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड असल्या मोजक्या कड्यांवर ते उरले आहे. उलट परदेशी निवडुंगशौकिनांच्या कुंड्यांत मात्र ते कलमांवर कलमे करून सुखाने वाढते. झाड डोंगरात दुर्मीळ आणि कुंडीत मुबलक, असे या इतिहासात पुन्हा पुन्हा घडते.

गिब्सन आणि डालझेल यांनी मिळून १८६१ मध्ये ‘बॉम्बे फ्लोरा’ छापला. त्यात एक गोष्ट ग्रॅहॅमपेक्षा वेगळी केली. ग्रॅहॅमच्या यादीत रानातली आणि बागेतली झाडे शेजारीशेजारी नांदत होती. या दोघांनी बाहेरून आणलेल्या, लावलेल्या झाडांसाठी वेगळी पुरवणी काढली. कागदावर कुंपण पडले. खुद्द मावळात ते कुंपण कधी टिकले नाही.

लोणावळ्याच्या जुन्या बंगल्याच्या फाटकात उभे राहून आत पाहा. कमानीवर बोगनवेल आहे. फिलिबर कॉमर्सन या फ्रेंच वनस्पतिज्ञाने १७६७ मध्ये रिओजवळ ती गोळा केली आणि जहाजाचा कप्तान बूगनव्हिल याचे नाव तिला लागले. कॉमर्सनबरोबर पुरुषवेषात वावरणारी जान बारे ही त्या मोहिमेत खरी राबणारी. पृथ्वीप्रदक्षिणा केलेली पहिली स्त्री म्हणून आता तिची ओळख होते, झाडाच्या नावात ती नाही. रस्त्याच्या कडेने ओळीत उभे सिल्व्हर ओक ऑस्ट्रेलियाचे. गुलमोहोर मादागास्करचा. निळा जकरंदा दक्षिण अमेरिकेचा. व्हरांड्यात टांगलेला स्पायडर प्लँट दक्षिण आफ्रिकेचा. देवळाच्या अंगणातला पांढरा चाफा, ज्याच्यावाचून आपल्याला देऊळच अपुरे वाटते, तोही मूळचा अमेरिकेचा. कुंपणाबाहेरची घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या बागेत शोभेचे झुडूप म्हणून आली आणि आता डोंगरच्या डोंगर तिने व्यापले आहेत. यातली नंतर आलेली मंडळी एवढा समुद्र ओलांडून जिवंत पोहोचली याचे बरेच श्रेय लंडनच्या एका डॉक्टरला आहे. नॅथॅनिएल वॉर्डने १८२९ च्या सुमारास पाहिले की बंद काचेच्या बाटलीत ओल्या मातीतले नेचे स्वतःच्याच वाफेवर जगते. १८३३ मध्ये त्याने काचेच्या पेट्यांतून रोपे सिडनीपर्यंत पाठवून दाखवली. त्याआधी बोटीच्या डेकवर खारे वारे आणि गोड्या पाण्याची टंचाई यांत बहुतेक रोपे मरत. वॉर्डच्या पेटीने ते गणित उलटे केले आणि जगभरच्या बागा हळूहळू एकमेकींसारख्या दिसू लागल्या.

मग मावळची झाडे त्या पेट्यांतून उलट दिशेने का गेली नाहीत? काही गेली. सापकांद्याचे चित्र १८४८ मध्ये कर्टिसच्या बोटॅनिकल मॅगझिनमध्ये झळकले. द्रोणासारख्या फण्याचे ते फूल इंग्रज वाचकाने रंगीत पाहिले. घाटातल्या एका आमरीला जॉन लिंडलीने १८४५ मध्ये नाव दिले, तेव्हा इंग्लंडात आमरींचे वेड शिगेला पोहोचले होते आणि श्रीमंतांच्या काचघरांत त्या टांगल्या जात होत्या. गौरीच्या सणाला आपण जिला गौरीचे हात म्हणतो ती कळलावी त्याहून कितीतरी आधी युरोपच्या उबदार काचघरांत पोहोचली होती. पण हिमालयाच्या झाडांनी इंग्लंडच्या बागेचे रूप जसे पालटले तसे सह्याद्रीच्या झाडांनी पालटले नाही. माझ्या मते याचे कारण कुणाच्या उपेक्षेत शोधण्यापेक्षा पावसात शोधावे. लोणावळा-खंडाळ्यात वर्षाचा चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि उरलेले आठ महिने कातळ कोरडा ठणठणीत. या लयीत जगायला शिकलेली झाडे कंदात पाणी-अन्न साठवून झोपतात. झोपेत पाणी मिळाले की कंद कुजतो, थंडी लागली की मरतो. हिमालयातले झाड इंग्लंडच्या गारठ्याला सरावलेले होते. आपल्या रानहळदीला तिथे कायमची शेगडी लागली असती.

बंगल्यांच्या बागांनी त्यांना का नाकारले याचे उत्तरही हंगामातच आहे. खंडाळ्याला मुंबईचे साहेब, पारशी आणि गुजराती व्यापारी हवा खायला येत ते उन्हाळ्यात. त्यांना मार्च-एप्रिल-मेमध्ये फुललेली बाग हवी होती. घाटमाथ्याची स्वतःची बाग फुलते जुलैपासून दसऱ्यापर्यंत, तेव्हा फाटकाला कुलूप आणि माळी छत्री धरून बसलेला. मालकांच्या पंचांगाशी जुळणारी फुले लागली, ती ब्राझील आणि ऑस्ट्रेलियाने पुरवली. गंमत म्हणजे आता पंचांग पालटले आहे. भुशी धरणाच्या पायऱ्यांवर माणसांचा पूर येतो तो पावसाळ्यातच. पण बंगल्यातली बाग अजून जुन्याच पंचांगाने चालते: हिरवळ, पाम, बोगनवेल.

तेरड्याची हकिगत या सगळ्यात मला फार आवडते. भाद्रपदात मावळचे उतार तेरड्याने गुलाबी होतात, कित्येक घरांत गौर तेरड्याचीच असते. हेच झाड सोळाव्या शतकापासून युरोपच्या बागांत लावले गेले. तिथे आणि चीनमध्ये माळ्यांनी निवड करत करत त्याला भरगच्च दुहेरी पाकळ्या आणल्या, रंग वाढवले, उंची कमी केली. आज पुण्याच्या नर्सरीत ‘बाल्सम’ म्हणून चकचकीत पाकिटात ते बी मिळते. लोणावळ्याचा बंगलेवाला ते विकत घेऊन वाफ्यात पेरतो आणि कुंपणाच्या पलीकडचा तेरडा तण म्हणून उपटायला लावतो. फोडशीचेही तसेच. पहिल्या पावसात ठाकर बाया जी फोडशी जुड्या बांधून बाजारात आणतात ती स्पायडर प्लँटची सख्खी चुलत बहीण. एक व्हरांड्यात टांगलेली, दुसरी कढईत. मला दोघींबद्दलही तक्रार नाही, पण पावसाळ्यात कातळावर फोडशीची पांढरी फुले वाऱ्याने डोलताना पाहिल्यावर व्हरांड्यातली जरा केविलवाणी वाटते खरी.

दापोडीची बाग १८६५ मध्ये मोडली आणि काम गणेशखिंडीत हलले. तिथे पुढे जॉर्ज मार्शल वुड्रो आला, शास्त्र महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारा आणि हिंदुस्थानातल्या बागकामावर पुस्तक लिहिणारा. त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य थिओडोर कुक. पेशाने इंजिनीअर असलेल्या या माणसाने निवृत्तीनंतर १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो महाग्रंथ लिहिला तो आजही अभ्यासकांच्या टेबलावर असतो. लिहिला तो लंडनजवळच्या क्यू उद्यानात बसून, वाळवून पाठवलेल्या नमुन्यांवरून. ग्रंथात झाडाखाली ठिकाण आणि नमुना आणणाऱ्याचे नाव येते. त्यापुढे उद्गारचिन्ह असेल तर तो नमुना कुकने स्वतः डोळ्यांनी पाहिला, असा अर्थ. त्या बारीक टायपात वुड्रोच्या बरोबरीने ‘भिवा!’ आणि ‘कानिटकर!’ भेटतात. डोंगर चढणारे, पावसात ओले होणारे आणि नमुना सुकवणारे हे आपले लोक. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयातल्या भिड्यांचे नाव तर गवताच्या एका अख्ख्या वंशाला लागले. क्यूच्या ऑटो स्टाफने सुचवलेले ते नाव ‘भिडिया’. गव्हर्नरांच्या आणि सर्जनांच्या गर्दीत ही तीन मराठी नावे शोधून काढण्याचा आनंद मला वाटतो तो वाचकालाही मिळावा.

या संग्रहांत एक मोठे भोकही आहे. स्टॉक्स आणि लॉ या दोघांनी कोकणात आणि घाटावर अफाट झाडे जमवली. ती हुकर आणि थॉमसनच्या संग्रहात गेली तेव्हा ठरावीक छापील चिठ्ठी डकवली गेली: मलबार, कोकण वगैरे, गोळा करणारे स्टॉक्स, लॉ वगैरे. त्या ‘वगैरे’त सह्याद्रीची शेकडो मैलांची रांग गडप झाली आहे. एखादे झाड राजमाचीचे की रायगडाचे हे आता त्या कागदावरून सांगता येत नाही.

ती उणीव खंडाळ्यापुरती भरून काढली ती फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांनी. स्पेनमध्ये जन्मलेले हे जेझुइट मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये शिकवत, पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झाले. झेवियर्सच्या खंडाळ्यातल्या बंगल्याला मुक्काम करून, वर्षाच्या सगळ्या ऋतूंत तीच ती ठिकाणे पुन्हा पुन्हा पाहून, त्यांनी ‘फ्लोरा ऑफ खंडाळा’ लिहिला. तो १९५३ मध्ये निघाला आणि पुढे सुधारून पुन्हा छापला गेला. आधीचे लोक वाटेवर दिसलेले झाड उचलून पुढे जात. सांतापाव एकाच जागी थांबले आणि पावसात थांबले, मला वाटते हाच मोठा फरक. सात वर्षे मुकी राहून आठव्या वर्षी सगळी टेकडी जांभळी करणाऱ्या कारवीची शिस्त वाटसरूला कशी कळणार? तिच्यासाठी मुक्काम करावा लागतो. मावळच्या लोकांना ती ठाऊक होतीच, कारवीच्या कुडाच्या घरांत ते पिढ्यान्‌पिढ्या राहत आले होते. १९७० च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी देवरायांचा अभ्यास केला तेव्हा हे गावचे ज्ञान छापील शास्त्रात पहिल्यांदा ठसठशीत आले. पवनेच्या खोऱ्यातल्या आजिवलीच्या देवराईत भेरली माड उभे आहेत. तोच माड नर्सरीत ‘फिशटेल पाम’ या नावाने बंगल्यासाठी विकत मिळतो, आणि बंगलेवाल्यांनी उत्साहाने लावलेले घाटाचे स्वतःचे झाड बहुधा तेवढे एकच.

झाडांची शोधाशोध ही जुनी गोष्ट झाली असे समजण्याचे कारण नाही. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये प्रसृत झालेला इंद्रायणी हा आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांचा संकर. आयआर ८ फिलिपिन्समध्ये जन्मला, त्याचा बुटका पूर्वज तैवानचा. आपल्या पानातला वाफाळता, चिकट, वासाचा भात अर्धा त्या समुद्रापलीकडून आलेला आहे. तळेगावपासून पवनानगरपर्यंतच्या पॉलिहाउसमध्ये तर ही कथा रोज चालू असते. फेब्रुवारीच्या आधी ‘टॉप सिक्रेट’च्या लाल कळ्यांचे बंच बांधून विमानाने परदेशी जातात. त्या गुलाबाला वर्षभर फुलण्याची सवय चिनी गुलाबांकडून मिळाली. ते अठराव्या शतकाच्या अखेरीस व्यापारी जहाजांतून युरोपात पोहोचले आणि त्यातले काही कोलकात्याच्या उद्यानातून पुढे गेले. डोळा भरायचा तो आफ्रिकेतून आलेल्या ब्रायरच्या खुंटावर. जात परदेशी कंपनीची असेल तर रोपामागे स्वामित्वधन द्यावे लागते. दापोडीच्या काळात झाड उचलणाऱ्याला कुणी काही विचारत नसे. आता २००१ चा वाण संरक्षणाचा आणि २००२ चा जैवविविधतेचा असे दोन कायदे आहेत आणि आमरी देशाबाहेर न्यायच्या तर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो.

पुढच्या प्रकरणांत एका बाजूला घाटातून बाहेर गेलेली आणि दुसऱ्या बाजूला बागांत येऊन राहिलेली झाडे आहेत. मांडणी काळाप्रमाणे नसून वाटेप्रमाणे आहे: खंडाळ्यापासून लोणावळा, कार्ला, वडगाव, तळेगाव, शेवटी दापोडी. शास्त्रीय नावे बदलत राहतात, म्हणून गावात चालणारे नाव आधी दिले आहे. एकाच झाडाला दोन गावांत दोन नावे असतील तर दोन्ही दिली आहेत, उदाहरणार्थ फोडशी आणि कुलू.

हे वाचून एखाद्याला अंगणात घाटाची फुले लावावीशी वाटली तर सुरुवात तेरड्यापासून करावी. शेंगा आश्विनात पिकतात आणि बोट लागताच फुटून बी उडवतात, म्हणून शेंगेवर आधी कापडाची पिशवी बांधावी. बी कागदात कोरडे ठेवून मृगाच्या सरींबरोबर फेकले की पुरते, वाफा करायची गरज नाही. कंद मात्र डोंगरातून उकरू नयेत. कंदीलपुष्पाच्या, म्हणजे खरपुडीच्या, कित्येक जाती मूठभर जागांपुरत्या उरल्या आहेत आणि उकरलेला कंद अंगणात क्वचितच दुसरा पावसाळा पाहतो. राखीव जंगलात बी उचलायलाही वनखात्याची परवानगी लागते, तिचा अर्ज उन्हाळ्यातच करावा.